सायकल दोन वर्षं बंद ठेवायची असेल तर फ्रेमच्या आतल्या गंजाचं काय करायचं

माझा भाचा दोन वर्षांसाठी बाहेरदेशी चाललाय शिकायला, आणि जाण्याआधी त्याची सायकल माझ्याकडे आणून ठेवली. क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची फ्रेम आहे, पोरानं स्वतःच्या पगारातून एकेक पार्ट जमवून बनवलेली, त्यामुळे जीव फार तिच्यावर. सोबत एक जाड प्लास्टिकचं कव्हर पण आणलं होतं, म्हणे मामा, यात घालून कव्हरची चेन लावून टाका आणि जिन्याखाली ठेवून द्या, धूळ पण नाही बसणार आणि पाणी पण नाही लागणार. मी म्हटलं बाबा, सायकल ठेव, कव्हर परत घेऊन जा.

कारण मी हेच करून बसलोय. माझी कॉलेजच्या काळातली काळी सायकल, आपली साधी दांडीवाली, मी अशीच ठेवली होती. छान धुतली, पुसली, ताडपत्रीत गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि जिन्याखाली लावली. तीन पावसाळे गेले. मार्चमध्ये उघडली तेव्हा रंग अगदी चकचकीत, मला आनंद झाला, म्हटलं चला आता चालवू या. नागपूरच्या महाल भागातल्या एका मिस्त्रीकाकांकडे ओव्हरहॉलिंगला नेली. त्यांनी आधी सीट काढून पाहिली, निघेना. मग सायकल उलटी केली आणि पायडलच्या मागून मागच्या चाकाकडे जाते ना ती खालची नळी, तिला बीबीच्या, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या जवळ पेचकस नुसता टेकवला. जोर नाही लावला. पेचकस आत गेला.

रंगाचा पापुद्रा होता, त्याच्या खाली लोखंड नव्हतंच, चहात भिजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी भुगा होता. काका म्हणाले, "भाऊ, वरून चांगली दिसून राहिली, पण हिच्या पोटात पाणी होतं." मी तो भुगा बोटात घेऊन पाहिला तर ओलसर लागला. मार्च महिना, बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि त्या नळीच्या आत अजून ओल शिल्लक. ती ओल मीच बांधून ठेवली होती.

तर सायकल ठेवताना आपण सगळे विचार करतो तो बाहेरून पाणी लागू नये याचा. बाहेरून तर रंग असतोच की राखायला. आत काहीच नसतं, बहुतेक लोखंडी फ्रेमच्या नळ्या आतून उघड्या लोखंडाच्या असतात, आणि फ्रेम मरते ती तिथून.

आता गंज म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजतं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, तिघं एकत्र आले की गंज. एक जरी काढून घेतला तरी काम थांबतं. लोखंड काढता येत नाही, हवा काढता येत नाही, मग आपल्या हातात राहिलं पाणी. आणि पाणी म्हणजे बादलीभर नाही, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर पुरतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर असा थर धरायला लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असते, तेव्हा उघडं लोखंड अंगणात पडलं तरी फारसं काही होत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता दिवसेंदिवस ८० च्या वर राहते. म्हणजे सायकलीवर एक थेंब पाऊस न पडता सुद्धा ती दोन-अडीच महिने ओलीच असते असं समजा.

त्यात दव. समजा हवा २८ अंश आहे आणि आर्द्रता ८५ टक्के, तर धातू साधारण २५ अंशाला आला की त्याच्यावर पाणी सुटतं, थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून सुटतं तसंच. फक्त तीन अंशांचा फरक! रात्री जिन्याखालच्या थंड फरशीला टेकलेली फ्रेम तेवढी सहज थंड होते. आणि फ्रेमच्या नळ्या श्वास घेतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टिनाच्या शेडखाली सायकल दिवसा ४५ अंशाला तापली की आतली हवा फुगून बारीक छिद्रांतून, सीटच्या फटीतून बाहेर जाते, रात्री २५ ला आली की तेवढीच हवा परत आत ओढली जाते, साधारण सहा-सात टक्के. आता पावसाळ्यात एवढी उन्हं नसतात म्हणून श्वास लहान असतो, पण प्रत्येक श्वासासोबत दमट हवा आत जाते, रात्री नळीच्या आत तिचं पाणी होतं, ते घरंगळत खाली बीबीत येऊन बसतं आणि परत जायला त्याला रस्ता नसतो. महिनोन् महिने.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला. लोखंडावर पाण्याचा थेंब बसला की थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो आणि मध्यावर कमी. आपल्याला वाटेल जिथं ऑक्सिजन जास्त तिथं गंज जास्त. उलटं आहे. गंजणं हे एका छोट्या बॅटरीसारखं चालतं, ऑक्सिजनवाली कड ही एक बाजू होते आणि बिनऑक्सिजनचा मध्य ही दुसरी, आणि लोखंड झिजतं ते मध्याकडून, तिथं खड्डा पडतो. म्हणून जिथं ओल आहे पण हवा खेळत नाही, म्हणजे सांधे, फटी, कपड्याखाली अडकलेला ओलसर भाग, प्लास्टिक चिकटलेली जागा, तिथं गंज पसरत नाही, खोल जातो. माझ्या ताडपत्रीनं नेमकं हेच केलं. पावसात भिजून वाऱ्यावर वाळणारी सायकल त्यापेक्षा जास्त टिकते, हे मी दोन्ही पाहून सांगतोय.

आणि गंज लोखंडावर साय धरल्यासारखा बसून त्याला झाकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं तसं असतं, त्याचा ऑक्साइडचा पातळ थर घट्ट बसतो आणि खालचा धातू वाचतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पोकळ असतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं नवं लोखंड उघडं पडतं. वर पाणी धरून ठेवतो स्पंजासारखं.

मग क्रोमोली असेल तर? भाचा हेच म्हणाला, मामा यात क्रोमियम आहे, हिला कसला जंग. क्रोमियम आहे, पण जवळपास एक टक्का. स्टेनलेस स्टील म्हणवून घ्यायला कमीत कमी साडेदहा टक्के लागतं. क्रोमोलीतलं क्रोमियम ताकदीसाठी असतं, गंजासाठी नाही. उलट क्रोमोलीला जास्त जपावं लागतं, कारण जुन्या दांडीवाल्या सायकलीच्या नळ्या एक मिलीमीटरच्या वर जाड असायच्या आणि चांगल्या क्रोमोलीच्या नळीची भिंत मध्यभागी ०.६ मिलीमीटर किंवा त्याहून पातळ असते. अर्धा मिलीमीटर खाल्ला गेला तर काळ्या सायकलीत काहीतरी उरतं, हिच्यात उरत नाही. तुमची फ्रेम कशाची आहे माहीत नसेल तर फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर हे सगळं तुमच्यासाठी आहे.

आता काम. माझं म्हणणं असं की हे काम नवतप्यात करायचं. २५ मेच्या आसपास ते कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात, आपण घरात पडदे लावून बसतो, पण फ्रेम वाळवायला त्याच्यासारखे दिवस नाहीत. पाऊस जूनच्या मध्यापर्यंत येतो म्हणजे हातात वेळ पण असतो. ज्यांना तेव्हा जमत नाही त्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात करावं, पण सलग पावसात अजिबात करू नका, ओल आत कोंडाल.

सायकल धुवायची ती ओल्या फडक्यानं आणि थोड्या शाम्पूनं, गाडी धुवायच्या प्रेशरवाल्या पाइपानं नाही, त्यानं पाणी बरोबर नको तिथं घुसतं. घामाच्या जागा नीट पुसा, वरची दांडी, हँडलच्या खाली, कारण घामात मीठ असतं आणि मीठ मिसळलं की पाण्यातून ती बॅटरी जोरात चालते. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही हे आपलं नशीब, कोकणातल्या माणसाला यापेक्षा फार जास्त करावं लागतं.

मग सीट पोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पूर्ण बाहेर काढायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही नाही केलं तरी हे करा. सीट पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडी असेल तर दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकून दोन वर्षांत असे धरून बसतात की मग करवतीनं कापून काढावा लागतो. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू पण काढा, ती छिद्रं नळीत उघडतात. जमत असेल तर मिस्त्रीकडून बीबी खोलून घ्या, छर्रे आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्या, सगळं काढून. मग फ्रेम उलटी करून एक अख्खा दिवस उन्हात. दुपारी नळीला हात लावता येणार नाही इतकी तापते, आत जे काही पाणी असेल ते जातं. उलटी करताना कान द्या, आत खडखड आवाज आला, वाळूसारखं काही सरकलं, तर ते गंजाचे पापुद्रे आहेत. एक रुपयाचं नाणं घेऊन खालच्या नळ्यांवर बीबीजवळ टकटक करा, चांगली नळी खणखणीत वाजते, सडलेली जागा बसका आवाज देते. रंगाला फोड आलेला दिसला तर तो पण आतूनच आलेला असू शकतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवतेय ना, काही तासांत १०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्यात माझ्या एका मित्राची सायकल पार्किंगमध्ये बुडाली होती. त्यानं पाणी ओसरल्यावर धुतली, पुसली, चेनला तेल दिलं, झालं. दिवाळीनंतर आम्ही तिचा बीबी खोलला तर अर्धी वाटी गढूळ पाणी निघालं, दोन महिन्यांचं. बाहेरून कोणालाच कळलं नसतं. त्यामुळे कधी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली सायकल असेल तर ती न खोलता ठेवूच नका.

बीबीच्या खाली, अगदी तळाला, पाणी निघायला छोटं छिद्र आहे का बघा. बऱ्याच फ्रेमना असतं, चिखलानं बुजलेलं असतं, तारेनं मोकळं करा. नसेल तर बीबी खोललेला असतानाच मिस्त्रीकडून चार-पाच मिलीमीटरचं पाडून घ्या, कडेला रंग लावून. आत आलेलं पाणी बाहेर पडायला रस्ता असणं हे कुठल्याही तेलापेक्षा मोठं काम आहे.

आता तेल. आणि इथं आपण विदर्भातले लोक नशीबवान आहोत, कारण या कामाचं जुनं आणि चांगलं तेल म्हणजे आपलं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीसोबत खातो तेच. जुने फ्रेम बनवणारे कारागीर, परदेशातले सुद्धा, नळ्यांच्या आत जवसाचंच तेल फिरवायचे. कारण जवसाचं तेल वाळतं. पाणी उडून वाळतं तसं नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वार्निशसारखा पातळ थर तयार होतो आणि तो लोखंडाला धरून राहतो. खोबरेल तेल असं वाळत नाही, ते तसंच तेलकट राहतं, धूळ धरतं, म्हणून घरात आहे म्हणून खोबरेल ओतू नका. गाडीचं काढलेलं जुनं काळं इंजिन ऑइल तर नकोच, त्यात जळून तयार झालेली आम्लं असतात, ती लोखंडाला खातात.

रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल मागा, लाकडाच्या कामाला वापरतात तेच, ते दोन-तीन दिवसांत वाळतं. घाण्यावरचं कच्चं तेल वापरलं तर चालतं पण वाळायला आठवडे लागतात. थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ केलं की फटीत चांगलं उतरतं. एका फ्रेमला पन्नास-शंभर मिलिलिटर पुरतं. सीटच्या भोकातून, बीबीतून, बाटलीच्या छिद्रांतून थोडं थोडं सोडायचं, भोकांना चिंध्यांचे बोळे लावायचे आणि फ्रेम हातात घेऊन सगळीकडून फिरवायची, उलटी, आडवी, या कडेवर, त्या कडेवर, पाच-दहा मिनिटं, म्हणजे प्रत्येक नळीची प्रत्येक बाजू ओली होते. मागच्या बारीक नळ्यांमध्ये छिद्रं असतात त्यातून सिरिंजनं सोडा, मेडिकलमध्ये मिळते ती. मग बोळे काढून रात्रभर निथळू द्या, खाली जुना पेपर टाका, आणि आठवडाभर हवेशीर जागी वाळू द्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. जवसाच्या तेलाचे बोळे, फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चोळामोळा केलेल्या कापडात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, कोणी काडी न लावता. आपल्या मे महिन्यात तर धोका आणखी जास्त. फडकी अंगणात एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळू द्या किंवा सरळ पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा.

ज्यांना हे सगळं नको असेल त्यांनी कारला आतून अँटी-रस्ट मारतात ते मेणासारखं स्प्रे लांब नळी लावून मारलं तरी चालतं, ते पण छान टिकतं. डब्ल्यूडी-४० बद्दल नेहमी विचारतात. ते १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीनं बनवलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं, आणि नावाचा अर्थ पाणी हटवण्याचा चाळीसावा फॉर्म्युला. पाणी हटवायला ते उत्तमच आहे. पण त्याचा थर फार पातळ असतो, काही आठवड्यांत निघून जातो, दोन वर्षांच्या मुक्कामाला ते कामाचं नाही. ओली फ्रेम वाळवायला मारा, पण त्याच्यावर दुसरं काहीतरी लागेलच.

बाहेरचं काम थोडक्यात. जिथं रंग उडालाय तिथं पॉलिश पेपरनं चमक येईपर्यंत घासा, रेड ऑक्साइड प्रायमर, वर जवळपासचा रंग. घरात काहीच नसेल तर नेलपॉलिश सुद्धा चालतं, खरंच. क्रोमच्या रिमवर तपकिरी ठिपके असतील तर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, निघतात, मग वर व्हॅसलीनचा हात. चेनला भरपूर तेल. फ्रेमला कारचं वॅक्स पॉलिश. सीट पोस्टला ग्रीस लावून, कागदात गुंडाळून वेगळा ठेवा, आणि सीटच्या भोकावर सुती कापडाचा सैल बोळा, म्हणजे झुरळं जाणार नाहीत पण हवा खेळेल.

शेवटी राहिली जागा, आणि यात नागपूरच्या घरांचं एक वेगळंच आहे, कूलर. उन्हाळ्यात बाहेर हवा इतकी कोरडी की लोखंडाला काही होत नाही, आणि आपण घरात कूलर लावून तीच हवा ओली करतो. कूलरच्या झोताच्या समोर किंवा खिडकीच्या कूलरखाली ठेवलेल्या सायकलीला उन्हाळ्यात पण पावसाळाच असतो, शिवाय बोअरच्या पाण्याचे शिंतोडे, जे वाळले की पांढरे क्षार मागे ठेवतात. त्यामुळे ज्या खोलीत कूलर त्या खोलीत सायकल नको. आणि जिन्याखाली तर बघाच काय काय आहे. माझ्या त्या काळ्या सायकलीच्या शेजारी संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली होती, झाकण घट्ट, तरी सुद्धा. त्यातून वाफ निघते, हळूहळू, आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला भराभर जंग धरतो. अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर, खताची पोती, इन्व्हर्टरची बॅटरी, यांच्यापासून सायकल लांब.

भिंतीला दोन हुक मारून जमिनीपासून वर टांगा, भिंतीला चिकटू देऊ नका, आणि वर जुनी सुती चादर. सिलिका जेलच्या पुड्या खुल्या खोलीत टाकून काही उपयोग नाही, त्या फक्त बंद डब्यात काम करतात, छर्रे आणि वाट्या डब्यात ठेवल्या असतील तर त्यात टाका.

भाच्याची सायकल आता वरच्या मजल्यावर, कूलर नसलेल्या खोलीत टांगलीय. आजीची जुनी नऊवारी दुमडून अंगावर घातलीय, सुती आहे, मऊ आहे. बीबीचे छर्रे ग्रीसमध्ये एका डब्यात, सीट पोस्ट कपाटात, आणि वरच्या दांडीला पेपर टेप लावून त्यावर तेल फिरवल्याची तारीख लिहिलीय. त्याच्याखाली मी दोन ओळी रिकाम्या सोडल्यात, एक पोळ्याच्या सुमारास आणि एक दिवाळीनंतर, तेव्हा चादर काढून फडकं फिरवायचं, नाणं वाजवून बघायचं आणि तारीख टाकायची.